बांध कुणी कोरला?

कंग्राळी नावाची गावे दोन आहेत. एक बुद्रुक आणि एक खुर्द. बाहेरगावच्या माणसाला हा फरक ठाऊक नसतो. तो पाकिटावर नुसते 'कंग्राळी, बेळगाव' असे लिहून मोकळा होतो आणि पत्र भलत्याच गावच्या, आपल्याच नावाच्या कुणा गृहस्थाच्या उंबऱ्यावर जाऊन पडते. माझ्या लहानपणी अशी पत्रे आठवड्यातून एखादे तरी यायचे. ते उलटसुलट करून पाहत वडील म्हणायचे, "नाव थोडे चुकले तर चालते, पत्ता चुकून चालत नाही." पुढे राज्य शासनाच्या सेवेत तीसहून अधिक वर्षे काढली. या वाक्याचा खरा अर्थ मला तिथे कळला, आणि तोही जमिनीच्या दप्तरात न कळता एका संगणकाच्या पोटात कळला. तो कळण्यासाठी जी किंमत पडली ती मी मोजली नाही, दुसऱ्याच एका व्यक्तीने मोजली. हा लेख तिच्यासाठी आहे.

साल १९९६. आमच्या कार्यालयात युनिक्स प्रणालीवर चालणारा एक संगणक होता. यंत्र एकच, पण त्याला आठ टर्मिनले जोडलेली. आठ जण आठ ठिकाणी बसून एकाच यंत्राकडून काम करून घेत. तीनशेहून थोड्या अधिक कर्मचाऱ्यांची वेतनदेयके त्यावर निघत. प्रोग्राम 'सी' या भाषेत लिहिलेला होता. तोपर्यंत हाताने देयके लिहिण्यात ज्यांची हयात गेली होती, त्यांना या सोयीचे अप्रूप होते. त्या विभागाचा प्रमुख मी होतो आणि अप्रूपापेक्षा अभिमानच मला अधिक होता.

त्या वर्षीच्या जुलैचे वेतन निघताना प्रोग्राम मध्येच बंद पडला. पडद्यावर एकच ओळ उमटली : 'मेमरी फॉल्ट – कोअर डम्प्ड'. पुन्हा चालवला, पुन्हा पडला. कधी चाळिसाव्या नावाशी, कधी दोनशेव्या नावाशी, तर एकदा थेट शेवटच्या बेरजेशी. ऑगस्टच्या अखेरीसही तेच. गणपती तोंडावर आलेले आणि तीनशे घरी पगार नाही. अखेर चार कारकून दोन रात्री बसले आणि देयके हाताने लिहिली गेली.

दोष शोधण्याचे आम्ही जे उपाय केले ते आज आठवले की हसू येते. विजेचा दाब स्थिर ठेवणारे यंत्र बदलले. मेमरीच्या चकत्या काढून, पुसून, पुन्हा बसवल्या. एका अमावास्येला यंत्रापुढे नारळही फुटला, आणि तो फोडण्यास मी मनाई केली नाही.

मात्र एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांत भरली होती. प्रोग्राम पडे तो नेहमी एकाच टर्मिनलवर. तिथे एक तरुण विधवा बसत असे. पती सेवेत असताना वारला म्हणून अनुकंपा तत्त्वावर तिला टंकलेखिकेची नेमणूक मिळाली होती, आणि जून महिन्यात तिला या कामावर दिले होते. जूनमध्ये ती आली, जुलैपासून प्रोग्राम पडू लागला, आणि पडतो तो तिच्याच हाताखाली. याहून आणखी पुरावा तो कोणता हवा? ऑगस्टच्या अखेरीस मी तिला सर्व कर्मचाऱ्यांसमोर उभे केले, काय दाबतेस, कशी दाबतेस असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा असा मेमो तिच्या हाती दिला. तिचे उत्तर दोन ओळींचे होते. यादी तयार झाली की आपण छपाईची कळ दाबतो, त्यापलीकडे काही करत नाही, असे तिने लिहिले होते. मला ते उत्तर उडवाउडवीचे वाटले.

गौरी-गणपतीच्या सुट्टीत मी गावी होतो. शेजारच्या घरातला मुलगा बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या टेबलावर यशवंत कानेटकरांची पुस्तके पडलेली असत. नागपूरच्या या लेखकाने 'सी' भाषेतील पॉइंटर या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे, आणि त्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या त्यांच्याच पुस्तकांवर ही भाषा शिकल्या. मी सहज माझे गाऱ्हाणे सांगितले. त्याने पहिला प्रश्न केला, "काका, ती कोअर फाईल ठेवलीय काय?"

ठेवली नव्हती. जागा फार खाते म्हणून 'कोअर' नावाची प्रत्येक फाईल शोधून पुसून टाकावी, अशी आज्ञा यंत्राला देऊन ठेवलेली होती. ती रोज रात्री आपोआप बजावली जाई. मुलगा हसला. "म्हणजे पंचनामा व्हायच्या आधीच तुम्ही जागा सारवून घेता की!"

या 'कोअर' शब्दाचा इतिहास मला नंतर कळला. जुन्या संगणकांची स्मृती फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून बनवलेली असे. एकेका कडीस कोअर म्हणत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात अशीच स्मृती होती, प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. पुढे कड्या गेल्या, चकत्या आल्या, नाव मात्र राहिले. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा आरंभ केला. त्या प्रणालीत एखादा प्रोग्राम नियमबाह्य वर्तन करून पडला, की पडतेवेळी त्याच्या स्मृतीत जे जे होते त्याची जशीच्या तशी नक्कल 'कोअर' नावाच्या फायलीत टाकली जाते. ती पाहता येणाऱ्यास मृत्यूच्या क्षणीचे सारे दृश्य दिसते.

रीतसर लेखी परवानगी काढून मी त्या मुलाला एका शनिवारी दुपारी कार्यालयात नेले. रात्रीची ती आज्ञा बंद केली, प्रोग्राम मुद्दाम पाडला आणि त्याची कोअर फाईल डीबगर नावाच्या साधनाने उघडली. कोणत्या कामाने कोणत्या कामाला बोलावले आणि अखेर कुठे प्राण गेला, याची साखळी त्यात दिसते. तळाशी आमचा मुख्य प्रोग्राम, त्यावर छपाईचा भाग, त्यावर कपातीचा हिशेब, आणि सर्वांत वर 'मॅलॉक'. ज्याला नवी जागा लागेल त्याला स्मृतीतील जागा तोडून देणारा तो युनिक्सचा विभाग. मरण मॅलॉकमध्ये आले होते.

"छपाईत काही दोष नाही," मुलगा म्हणाला. "मॅलॉक सहसा आपणहून मरत नाही. त्याच्या जागेत आधीच कुणीतरी घाण करून ठेवलेली असते. प्रोग्राम इथं पडला, पण मार कुठंतरी आधीच बसलाय."

इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची एक लांबच लांब आळी. प्रत्येक घरात एक अक्षर मावते. घराचा क्रमांक म्हणजे पत्ता, आणि तो पत्ता ज्यात लिहून ठेवतात तो पॉइंटर. प्रोग्रामने चाळीस घरे मागितली की मॅलॉक ती देतो, आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी 'हा तुकडा इतक्या घरांचा' अशी छोटी नोंद ठेवतो. मोजणीखाते शेताच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड रोवते, तसाच हा दगड. 'सी' भाषेचा स्वभाव असा, की ती लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. चाळीस घरे घेऊन तुम्ही पंचेचाळीस अक्षरे भरलीत तरी ती हात धरत नाही. उरलेली अक्षरे शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड पुसून त्यावर जाऊन बसतात. त्या क्षणी काहीही घडत नाही. प्रोग्राम सुखाने पुढे चालतो. बऱ्याच वेळाने कुणीतरी नवी जागा मागतो, मॅलॉक मोजणीला निघतो, त्या खोट्या दगडावरून अंतर काढतो आणि भलत्याच ठिकाणी जाऊन कोसळतो.

शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला वेळ लागत नाही. एखादा धूर्त माणूस दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरतो. पाऊस नसतो तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. आषाढात पाणी चढते, तेव्हा बांध फुटतो तो खालच्या अंगाच्या तिसऱ्याच शेतात, आणि ज्याचे भात वाहून गेले त्यालाच लोक विचारतात, तू बांध का राखला नाहीस?

आता प्रश्न उरला, आमच्या प्रोग्राममध्ये बांध कुणी कोरला? आधी आम्ही यादी अर्धी करून पाहिली. दोष असलेला अर्धा भाग पुन्हा अर्धा करत गेले, की तीनशे नावांतून एक नाव आठ-नऊ खेपांत हाती लागावे. पण स्मृतीचे दोष इतके सरळ नसतात. यादी अर्धी केली की दोषच दिसेनासा होई. कोरलेला बांध तसाच होता, फक्त त्या बाजूला पाणी सोडणारे कुणी उरत नव्हते. अखेर मुलाने अंदाज सोडला आणि मॅलॉक जिथे कोसळला त्या आसपासच्या स्मृतीतील आकडे एकेक करून पडद्यावर मागवले. हद्दीच्या दगडाच्या जागी चार आकडे होते : ५२, ४१, ४सी, ४९.

"ही लांबी नव्हे. ही अक्षरे आहेत," तो म्हणाला आणि कागदावर त्याने इंग्रजी अक्षरे मांडली. आर, ए, एल, आय. मग मागच्या घरांतले आकडे वाचले. के, ए, एन, जी. मी कागद सरळ केला आणि वाचले : कंग्राळी.

मला दरदरून घाम फुटला. हे गाव त्या प्रोग्राममध्ये कुणी घातले ते मला ठाऊक होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एकाच नावाच्या दोन कर्मचाऱ्यांच्या कपातींची अदलाबदल झाली होती. तसे पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे गाव जोडावे, अशी टिप्पणी मी लिहिली होती. तीवर सही माझी होती. दोन कंग्राळ्यांच्या पत्रांचा गोंधळ पाहत वाढलेल्या माणसाला सुचावा असाच तो उपाय होता. प्रोग्राम सांभाळणाऱ्याने हुकमाप्रमाणे नावाला गाव जोडले. नावाची जागा किती, हे त्याने पाहिले नाही आणि मीही विचारले नाही. जागा होती चाळीस अक्षरांची. बहुतेकांची नावे लहान, ती गावासकट मावली. जूनमध्ये मात्र आमच्याच गावचा एक शिपाई बदलून आला. त्याचे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव मिळून मधल्या मोकळ्या जागांसह पस्तीस अक्षरे, एक मोकळी जागा आणि गावाची आठ अक्षरे अशी झाली चव्वेचाळीस. शब्द संपला हे सांगणारे शून्य 'सी' भाषा शेवटी ठेवते, ते धरून पंचेचाळीस. पाच घरे शेजाऱ्याची गेली.

बांध कोरणारा मी होतो. खालच्या शेतात बसलेल्या बाईला मी मेमो दिला होता. छपाईयंत्र तिच्या टर्मिनलजवळ होते, म्हणून छपाई तिथून होई; छपाईत कपातीचा हिशेब नवी जागा मागे, म्हणून मरण तिथे येई. यापलीकडे तिचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. दुरुस्तीला अर्धा तास लागला. मी म्हटले, जागा ऐंशीची करून टाक. मुलाने ती केली, पण म्हणाला, "नुसतं मोठं करून भागत नाही, काका. उद्या कुणीतरी एक्याऐंशी अक्षरांचा येईल. भरायच्या आधी मोजायला पाहिजे." आणि नाव जोडण्यापूर्वी लांबी तपासणारी ओळ त्याने घातली.

या एका चुकीने मोठमोठ्यांना पाडले आहे, हे मी पुढे वाचत गेलो तसतसे कळले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने तेव्हाच्या इंटरनेटवरील हजारो युनिक्स यंत्रे ठप्प केली. त्याची एक वाट अशीच होती : ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरे कोंबणे. ज्या 'गेट्स' नावाच्या आज्ञेने लांबी न विचारता ती आत घेतली, ती 'सी' भाषेच्या प्रमाणग्रंथातून निघाली २०११ साली. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा प्रोग्राम वीस रकान्यांच्या हिशेबात एकविसावा रकाना वाचायला गेला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक पडले. ती यंत्रे विंडोज प्रणालीची होती, पण चूक याच गोत्रातली. त्या दिवशी आपल्याकडील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. ते छायाचित्र वर्तमानपत्रात पाहताना मला आमचे दोन रात्री जागलेले चार कारकून आठवले.

स्मृतीच्या दोषांचे आणखीही प्रकार आहेत. आपल्याकडे लग्नकार्याला देवळाची भांडी नेतात, तीच उपमा घ्यावी. नेलेली भांडी परतच केली नाहीत, तर एक दिवस देवळात पातेले उरत नाही, ही गळती. परत केल्यानंतरही त्यातलेच एखादे वापरत राहिलो, तर दुसऱ्याच्या आमटीत आपला हात जातो. आणि एकच पातेले वहीत दोनदा जमा झाले, तर तेच दोन घरांना दिले जाते आणि मांडवात भांडण होते. या तिन्हींत एक लक्षण समान असते. बोभाटा होतो तिथे चूक घडलेली नसते.

म्हणूनच जाणत्यांनी जी साधने केली, त्यांचा रोख पडझडीवर नसून आगळिकीवर आहे. ब्रूस पेरेन्स यांच्या साधनाचे नावच 'इलेक्ट्रिक फेन्स'. आपल्याकडे रानडुकरांपासून ऊस राखायला विजेचे कुंपण घालतात, तसे ते प्रत्येक तुकड्याच्या कडेला कुंपण घालते. प्रोग्रामने हद्दीबाहेर पहिले पाऊल टाकले की तो तिथल्या तिथे पडतो. २००२ मध्ये ज्युलियन सेवर्ड यांचे 'व्हॅलग्राइंड' आले. ते प्रोग्रामच्या प्रत्येक वाचनलेखनावर पाळत ठेवते. त्याने काम कितीतरी पटींनी मंद होते, पण चोर सापडतो. त्यानंतर दहा वर्षांनी गूगलच्या अभियंत्यांनी मांडलेले 'ॲड्रेस सॅनिटायझर' हेच काम बरेच वेगाने करते.

निवृत्तीनंतर पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने मला एक जुना लॅपटॉप लिनक्स घालून दिला. लिनक्स हे युनिक्सच्याच वळणाचे. एका पावसाळी दुपारी मी १९९६चा तो दोष आठवून दहा-पंधरा ओळींत पुन्हा लिहिला आणि हे साधन लावून चालवला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर आले. चाळीस घरे कोणत्या ओळीने घेतली, हद्द कोणत्या ओळीने ओलांडली, सारे ओळींच्या क्रमांकांसह. सहा आठवडे जे आम्हांला सापडले नाही ते एका क्षणात समोर होते. मी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत बसलो. माणसांच्या कार्यालयासाठी असे साधन अजून कुणी केलेले नाही. तिथे जो पडला तोच दोषी, हीच पद्धत चालते, आणि मी ती अनेक वर्षे निष्ठेने चालवली.

आता राहिलेले सांगतो. मेमो मी मागे घेतला. तसे लेखी दिले आणि 'आपला दोष आढळला नाही' हे शब्दही घातले. दोष कुणाचा आढळला, हे मात्र लिहिले नाही. कार्यालयात मी एवढेच सांगितले, की प्रोग्राममध्ये तांत्रिक चूक होती, ती दुरुस्त झाली. पुढे ती बदलून दुसऱ्या गावी गेली. मी समजत होतो, प्रकरण मिटले.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत गेलो होतो. रांगेत ती भेटली. केस पांढरे झालेले. तीही आता निवृत्त. मुलगा नोकरीला लागला आहे, नात शाळेत जाते, असे सांगितले. मीच तो जुना विषय काढला. टिप्पणी माझी होती, नाव माझ्याच गावचे होते, चाळीस घरे आणि पंचेचाळीस अक्षरे, सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, तुम्ही कागद दिला होता, तो अजून आहे माझ्याजवळ. पण उभं केलं होतं सगळ्यांसमोर. कागद मात्र पाकिटात घालून दिला."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रांग पुढे सरकली, तिचा क्रमांक आला.

सीमाभागात जन्मलेल्या माणसाला हद्द म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दुसऱ्याने ओलांडलेली हद्द तर त्याला लगेच दिसते. आपल्या लेखणीने शेजाऱ्याची पाच घरे कधी खाल्ली, हे पाहायला मला कोअर फाईल उघडावी लागली. तिचे नाव मी इथे लिहीत नाही, तो तिचा अधिकार आहे. पण हे त्रैमासिक आपल्या जुन्या घराघरांतून वाचले जाते. त्या वेळी त्या दालनात उभे असलेल्यांपैकी काही जण याचे वाचक आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना सांगतो : ऑगस्ट १९९६ मध्ये वेतनाचा प्रोग्राम पाडला तो मी. तिने फक्त छपाईची कळ दाबली होती.